नॉट ॲट होम : एका पोरखेळाचा इतिहास

स्नेहमेळाव्याची कार्यक्रमपत्रिका आपल्या गटावर आली, तेव्हा सगळ्यात जास्त चर्चा शेवटच्या ओळीची झाली. दीपप्रज्वलन, गुरुजनांचा सत्कार, दिवंगतांना श्रद्धांजली, भोजन हे सगळं ठरलेलंच होतं. पण रात्री नऊनंतर 'नॉट ॲट होम' एवढंच लिहिलेलं होतं. आपल्या मागच्या बॅचच्या एकाने विचारलं, "म्हणजे काय? कोण घरी नाही?" एका सरांनी विचारलं, "हा खेळ तुम्ही मुलांनीच काढला होता, की आधीपासून होता?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं लिहून काढण्याचं काम समितीने माझ्या गळ्यात घातलं. मी संगणकावर काम करणारी बाई, इतिहास माझा विषय नाही. पण शोधायला बसले आणि जे हाती लागलं ते आपल्या सगळ्यांना आवडेल असं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी नियम, कारण निम्म्या जणांना ते आठवत नसणार. खेळ अगदी साधा. एका कॅटातली बावन्न पानं पाच-सहा जणांत वाटायची. चार एक्के, चार राजे, चार सत्त्या असं एकेक कुटुंब पुरं करायचं. आपल्या हातात एक तरी राणी असेल तरच दुसरी राणी मागता येते, आणि मागायची ती माणसाचं नाव घेऊन, नेमकं पान सांगून : "अमुक, तुझ्याकडे बदाम राणी आहे का?" असेल तर मुकाट्याने द्यायची. घेणाऱ्याने थँक्यू म्हणायचं, आणि मग पुढचं पान त्यानेच मागायचं. नसेल तर उत्तर द्यायचं 'नॉट ॲट होम'. मागण्याची पाळी आता त्या उत्तर देणाऱ्याची. थँक्यू विसरलं तर पान परत. ज्याची कुटुंबं जास्त, तो जिंकला.

मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन, बदाम सात हे सगळे खेळ तोंड बंद ठेवून खेळता येतात. चॅलेंजमध्ये बोलावं लागतं, पण तिथे खोटं बोलण्यातच मजा. नॉट ॲट होममध्ये बोलल्याशिवाय हात हलत नाही, आणि जे बोलायचं ते खरंच असावं लागतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पत्त्यांच्या इतिहासासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. सावंतवाडीचा गंजिफा आपण सगळ्यांनी निदान शाळेच्या सहलीत काचेमागे पाहिला आहे. गोल, लाखेने चकाकणारी, बोटभर रुंदीच्या चित्रांची पानं. गंजिफा इराणच्या बाजूने मुघलांबरोबर हिंदुस्थानात आला. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधल्या ठट्ट्याच्या शाह हसनला त्याच्या आवडीचे गंजिफे पाठवले, अशी नोंद बाबरनाम्यात आहे, आणि आपल्याकडच्या पत्त्यांची ती सर्वांत जुनी नोंद मानली जाते. अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफाचं वर्णन केलं आहे. त्यात अश्वपती, गजपती, नरपती असे राजे होते. पुढे रूढ झाला तो मुघल गंजिफा आठ रंगांचा, ९६ पानांचा. त्यातल्या एका रंगाचं नावच 'गुलाम' होतं. आज आपल्या कॅटातला गुलाम हा एक हुद्दा आहे, तेव्हा तो एक अख्खा रंग होता.

आपल्या बाजूला जो रुजला तो दशावतारी गंजिफा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण १२०. हा डाव साधारणपणे तिघांत होतो, प्रत्येकी चाळीस पानं. हुकूम नाही. अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक लहान, उरलेल्या अर्ध्यांत उलटं. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा. जत्रेत रात्रभर ज्यांना आपण मांडावर नाचताना बघितलं, तेच दहा अवतार इथे हातात धरायचे. कोणतं पान पडलं, कोणतं अजून कुणाच्या हातात आहे, हे १२० पानांचं ध्यानात ठेवायचं म्हणजे स्मरणशक्तीचा व्यायामच. बोलायला उसंत मिळत नसणार.

कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, गोल कापायचे, घोटायचे, रंगवायचे, वर लाख चढवायची, असं हे चिताऱ्यांचं काम. छापील पत्ते स्वस्त झाले आणि हे काम मागे पडलं. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ते पुन्हा उभं केलं. सत्त्वशीलादेवींनी स्वतः जुन्या कारागिराकडून ही कला शिकून घेतली, १९७१ मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झालं आणि राजवाड्याच्या दरबारात कलाकार बसून पानं रंगवू लागले. आजही गेलात तर ते काम बघायला मिळतं. आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. पण गंजिफा विकत घेणाऱ्यांपैकी किती जण तो खेळतात? आमच्या घरीही एक संच आहे, भिंतीवर, चौकटीत. हात वाचले, रंग वाचले, पानं वाचली. डाव मांडणारी तीन माणसं शोधायला मात्र फार हिंडावं लागेल.

आता आपल्या चौकोनी पानांकडे. युरोपचे पत्ते या किनाऱ्यावर आले ते सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. हेच गलबतवाले जपानला पोचले, आणि तिथे पत्त्यांना आजही 'कारुता' म्हणतात ते पोर्तुगीज 'कार्ता'वरून. आपण परकी नावं निम्मीच घेतली. बदाम आणि चौकट ही आकार बघून ठेवलेली देशी नावं. इस्पिकात परका शब्द सरळ ऐकू येतो. किलवरला इंग्रजी क्लोव्हर जवळचा आणि डच क्लाव्हरही. त्या डचांची सतराव्या शतकातली वखार वेंगुर्ल्यात पडक्या अवस्थेत अजून उभी आहे. दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, दश्शी मात्र पूर्ण आपल्या. अशा मिश्र कुळातल्या कॅटाने आपण वाढलो.

आणि आता मुख्य प्रश्न. या खेळाचं नाव इंग्रजीत का? झब्बूला इंग्रजी नाव नाही, मेंढीकोटाला नाही, मग यालाच का?

याचं उत्तर लंडनच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात सापडतं. १८५१ च्या सुमारास जॉन जॅक्स या कंपनीने 'हॅपी फॅमिलीज' नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात इस्पिक-बदाम नव्हतेच. तेरा कुटुंबं होती आणि प्रत्येकात चौघं : बाप, आई, मुलगा, मुलगी. बन आडनावाचा पाववाला, बोन्स खाटीक, सूट नावाचा धुराडी साफ करणारा, डोस डॉक्टर, टेप शिंपी, अशी धंद्यावरून पाडलेली नावं आणि वेडीवाकडी, हसवणारी चित्रं. खेळणाऱ्याने विचारायचं, "मिसेस बन घरी आहेत का?" असतील तर पान द्यायचं. नसतील तर म्हणायचं, "नॉट ॲट होम." प्लीज किंवा थँक्यू विसरलं तर पाळी गेली, हा नियमही तिकडच्या पुष्कळ घरांत होता.

त्याच्या थोडं आधी, १८४३ मध्ये, अमेरिकेत 'डॉक्टर बझ्बी' नावाचा याच जातीचा खेळ निघाला होता. जर्मनीत त्याला 'क्वार्टेट' म्हणतात, फ्रान्समध्ये सात कुटुंबांचा खेळ. जगभर मुलं मागतात आणि नाही म्हणतात. पण नाही म्हणण्याचे शब्द 'घरी नाही' असे आहेत ते या इंग्रजी शाखेत, आणि तेच आपल्या तोंडी आले. हॅपी फॅमिलीजची तेरा चोक बावन्न पानं आणि आपल्या कॅटातल्या तेरा चोक बावन्न, हा हिशेबही तंतोतंत जुळतो. खास छापलेले पत्ते इथल्या घरांत टिकले नाहीत, त्यांची गरजही नव्हती. चार राण्या म्हणजे एक कुटुंब म्हटलं की झालं. कॅट जुनाच, नाव तेवढं परक्या भाषेतलं राहिलं.

ते शब्द इंग्रजांच्या घरातले आहेत हे कळल्यावर मला आणखी एक गंमत दिसली. त्या काळच्या विलायती श्रीमंत घरांत पाहुण्याला भेटायचं नसेल, तर नोकराने दारात सांगायचं 'नॉट ॲट होम'. बाईसाहेब वरच्या मजल्यावर बसलेल्या असल्या तरी. पाहुण्यालाही ते कळायचं आणि कुणी त्याला खोटेपणा मानत नसे. मुलांच्या खेळात आल्यावर मात्र तेच शब्द खरे झाले. पान हातात असताना 'नॉट ॲट होम' म्हणालात तर डाव मोडला. मोठ्यांचं सभ्य खोटं मुलांनी सरळ करून घेतलं होतं.

इथवरचा इतिहास कुठल्याही मराठी गावाला लागू आहे. माझ्या पुण्याच्या सासरीही हा खेळ होता, पण तिथे 'नॉट ॲट होम' म्हटलं की संपलं. आपल्या शाळेतला नियम वेगळा होता, आणि तो आपल्याकडे आला मराठीच्या बाईंमुळे. सरांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच असं : खेळ आपण काढला नाही, पण त्याचं शेपूट आपलं आहे.

१९९३ चा पावसाळा, आपण नववीत. तास रिकामा असला आणि बाहेर पाऊस कोसळत असला की वर्ग आवरणं कठीण. त्या दिवशी बाई वह्या तपासायला आपल्या वर्गात येऊन बसल्या, तर मागच्या बाकांवर डाव चाललेला. आपल्याला वाटलं, कॅट गेला. बाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "खेळा. पण नुसतं नॉट ॲट होम नको. घरी नाही तर कुठे गेली ते सांगा. आणि एकदा दिलेलं उत्तर दुसऱ्यांदा चालणार नाही." त्यांना बहुधा आपल्याकडून वाक्यरचना करून घ्यायची होती. झालं भलतंच.

"चौकट सत्ती नॉट ॲट होम, तरवो लावूक गेली."

"बदाम गुलाम नॉट ॲट होम, रापणीक गेलो."

"इस्पिक राणी नॉट ॲट होम, बाजारात बांगडे इकूक गेली."

"किलवर दश्शी नॉट ॲट होम, शेजाऱ्याकडे गजाली मारूक बसली."

एरवी वर्गात मालवणी शब्द तोंडून निघाला की दुरुस्ती व्हायची. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'ने १९८० पासून रंगभूमीवर मालवणीला टाळ्या मिळवून दिल्या होत्या, पण बाकावर तिला जागा नव्हती. त्या खेळात बाईंनी एकदाही दुरुस्ती केली नाही. वह्यांतून मान वर न करता हसत होत्या, एवढं आठवतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी होती. आपल्या वर्गात मुलं आणि मुली एकमेकांशी बोलत नसत. आता आपल्या मुलांना सांगितलं तर पटत नाही, पण पाचवीपासून एकाच खोलीत बसून दहावीपर्यंत एक वाक्य न बोललेली कितीतरी माणसं आपल्यात आहेत. बोललं तर चिडवाचिडवी, फळ्यावर नावं. या खेळात नाव घेऊन विचारणं हा नियम होता, म्हणून ते चालून गेलं. धुरीवाड्यातल्या मुलाला कट्ट्याच्या मुलीकडे "तुझ्याकडे बदाम राजा आहे का?" असं विचारावंच लागे, आणि मिळाला तर सगळ्यांसमोर थँक्यू म्हणावं लागे. पहिल्या आठवड्यात थँक्यू इतकं हळू निघे की निम्मी पानं परत जात. गणपतीच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांचे आवाज खुलले होते.

मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे माहिती कोणाकडून कोणाकडे जाते हे सतत बघावं लागतं, म्हणून या खेळाची एक बाजू मला आता दिसते. मी इस्पिक राणी मागितली की सगळ्यांना तीन गोष्टी कळतात : माझ्याकडे एखादी राणी आहे, इस्पिकची नाही, आणि उत्तर आल्यावर, ती समोरच्याकडे आहे की नाही. इथे काही मागायचं तर आपलं थोडं उघडं करावंच लागतं. शिवाय प्रत्येक वाक्य खरं आणि सगळ्यांच्या देखत बोललेलं. देवबागातून एस.टी.ने येणारी आपली मैत्रीण यात सगळ्यांत पुढे होती. अर्ध्या तासापूर्वी कोणी काय मागितलं ते तिला शब्दशः आठवे, आणि शेवटी एकामागून एक कुटुंबं ती ओळीने उचलून नेई. गणितात तिला पस्तीसच्या आसपास मार्क असत. त्या दोन गोष्टी एकाच डोक्यातल्या आहेत, हे तेव्हा आपल्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

उत्तरं पुन्हा द्यायची नाहीत या नियमामुळे काही दिवसांत कल्पना संपल्या, आणि मग घरातल्या खऱ्या गोष्टी बाहेर येऊ लागल्या. राजाबद्दल विचारलं की हमखास येणारं उत्तर होतं, "मुंबैक आसा, गणपतीक येतलो." ते कुणी आधी वापरलं यावरून भांडणं होत, कारण ते निम्म्या वर्गाचं खरं होतं. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून पाच वर्षं होती, ती झाली १९९८ मध्ये. बाप वर्षातून एकदा एस.टी.तून उतरायचे, होड्या झापांखाली झाकलेल्या असताना किंवा नुकत्याच पाण्यात गेलेल्या असताना, आणि दहा-अकरा दिवसांत परत जायचे.

एकदा कुणीतरी चौकट राजा मागितला. ज्याच्याकडे मागितला त्याने पान दिलं आणि म्हणाला, "ह्यो घे. ह्यो आता घराकच आसता. गिरण बंद पडली." १९८२ चा गिरणी संप आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात नव्हता. तो सुरू झाला तेव्हा आपण दोन-तीन वर्षांचे होतो. त्यानंतर वर्षानुवर्षं एकेक गिरणी बंद पडत गेली आणि परळ-लालबागच्या चाळींतून माणसं इकडे परत येत राहिली. आपल्या वर्गात त्या संपाबद्दल पहिल्यांदा उच्चारलं गेलेलं वाक्य ते असावं. त्या दिवशी पान घेणारा थँक्यू म्हणाला नाही, आणि बाईंनी पान परत करायलाही लावलं नाही.

म्हणून मी या खेळाकडे इतिहासाचं साधन म्हणून बघू लागले आहे. कुणी लिहून ठेवली नाहीत, पण ती उत्तरं एकत्र केली तर १९९३-९५ चं मालवण दिसतं. कोणत्या महिन्यात घरात कोण नसे, बायका कुठल्या कामाला बाहेर असत, पुरुष कुठे असत, कोण परत आलं आणि का. जनगणनेच्या पुस्तकात यातलं 'शेजाऱ्याकडे गजाली मारूक बसली' मिळणार नाही.

हल्ली कंपन्यांत माणसांना बोलतं करण्यासाठी खास पत्ते आणतात. प्रत्येक पत्त्यावर एक खुळचट प्रश्न छापलेला असतो, की तुम्ही भाजी असता तर कोणती असता. आमच्याकडेही असा डाव झाला होता. लोक हसतात, तास बरा जातो. मला तेव्हा जाणवलं की तिथे प्रश्न पत्त्याने विचारलेला असतो. आपल्या खेळात प्रश्न माणूस विचारत होता, नाव घेऊन, आणि त्याला त्या उत्तराची गरज असायची.

आता थोडं आजचं. आपल्या गटावर साठेक जण आहेत. लिहिणारे आठ-दहा, बहुतेक मुंबई-पुण्याचे, त्यात मीही आले. गावात राहिलेले वाचतात, अंगठा दाखवतात, बोलत नाहीत. आपली देवबागची मैत्रीण दहावीनंतर शिकली नाही. आज ती पर्यटकांसाठी खानावळ चालवते आणि दहा-बारा टेबलांची ऑर्डर न लिहिता घेते. गटावर तिने तीन वर्षांत एक शब्द लिहिलेला नाही. मेळाव्याला येणार का म्हणून मी फोन केला, तर म्हणाली, "बघतंय. थंय येवन काय बोलाचा?" सभागृहात मनोगतं सुरू झाली की ती आणि तिच्यासारखे अनेक जण मागच्या रांगेत बसून राहतील, हे आपल्याला माहीत आहे. शेवटची ओळ मी समितीकडे हट्टाने घालून घेतली ती यासाठी. त्या डावात कुणालाच मागे बसता येत नाही. प्रत्येकाला कुणीतरी नाव घेऊन विचारणार, आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागणार.

गंजिफा जपायला राजघराणं लागलं, कारागीर लागले, लाख आणि रंग लागले, आणि एवढं करून खेळ मात्र काचेमागेच राहिला. आपल्या खेळाला एक मळका कॅट पुरतो. पण त्याला माणसं लागतात, समोरासमोर बसलेली. त्यांनी वीस-पंचवीस वर्षं डाव मांडला नाही तर जपायला मागे काहीच उरत नाही.

तर त्या रात्रीसाठी एवढं लक्षात ठेवा. कॅट मी आणते, सहा. प्रत्येक गोलात सहापेक्षा जास्त जण नकोत, आणि गोल करताना बॅचमधले नेहमीचे मित्र एकत्र बसणार नाहीत. गुरुजनांनीही बसायचं आहे, बाईंनी तर नक्कीच. 'नॉट ॲट होम'नंतर कुठे गेली ते सांगायचंच. शाळेतली जुनी उत्तरं चालणार नाहीत. 'अमेरिकेक गेलो' हे फार जणांचं असणार, तेव्हा ते एकदाच. मालवणी बोललं तर कुणी दुरुस्त करणार नाही. आणि थँक्यू विसरलात तर पान परत, वय कितीही झालेलं असो.